न झालेल्या लढतीचा निकाल

तालमीत कसरत आटोपली, अंगाची माती झाडून झाली, की गप्पांमध्ये 'जोड' लावण्याचा खेळ सुरू होतो. अमुक मल्ल तमक्याशी लढला असता तर कोणाची पाठ लागली असती, यावर कोल्हापूर-सांगलीकडे रात्री सरतात आणि निकाल कधीच लागत नाही. मुष्टियुद्धाच्या रसिकांनाही हे वेड आहे. जो लुई आणि माइक टायसन, रॉकी मार्सियानो आणि जॉर्ज फोरमन अशा जोड्या लावून ते वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. या बहुतेक जोड्या काळानेच अशक्य करून टाकलेल्या असल्यामुळे तो निव्वळ मनोविनोद ठरतो.

एक जोड मात्र या पंक्तीतली नाही. दोघे एकाच काळात होते, एकाच वजनी गटात होते आणि आपापल्या क्षेत्रातले निर्विवाद सम्राट होते. एकाच्या देशापासून दुसऱ्याच्या देशापर्यंत जेमतेम दीडशे किलोमीटरचा समुद्र होता. तरीही ही लढत झाली नाही. अमेरिकेचा महंमद अली हा व्यावसायिक मुष्टियुद्धाचा जगज्जेता आणि क्यूबाचा तिओफिलो स्टीव्हन्सन हा हौशी मुष्टियुद्धाचा जगज्जेता. या दोघांत श्रेष्ठ कोण, हा वाद पन्नास वर्षे चालू आहे. २०१२ च्या जूनमध्ये स्टीव्हन्सन गेला, २०१६ च्या जूनमध्ये अलीही गेला. वाद मात्र जिवंत आहे. आमच्या मते तो ज्या अंगाने घातला जातो, ते अंगच चुकीचे आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी रिंगणातला हिशेब आधी पूर्ण करणे योग्य.

अलीची ओळख मराठी वाचकाला करून देण्याचे कारण नाही. स्टीव्हन्सनचे नाव मात्र आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. कॅरिबियन बेटावरून पोटापाण्यासाठी क्यूबात आलेल्या बापाचा हा मुलगा, जन्म १९५२ चा. १९७१ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत अमेरिकेच्या ड्यूएन बॉबिकने त्याला हरवले होते. पुढच्याच वर्षी म्युनिक ऑलिंपिकच्या उपान्त्यपूर्व फेरीत तोच बॉबिक त्याच्यासमोर आला. त्या वेळी अमेरिकन वृत्तपत्रांनी सुवर्णपदक बॉबिकच्या गळ्यात आधीच घालून टाकले होते. वीस वर्षांच्या स्टीव्हन्सनने तिसऱ्या फेरीत त्याला असा काही झोडपला, की पंचांना लढत थांबवावी लागली. अंतिम सामन्यात रुमानियाचा प्रतिस्पर्धी दुखापतीमुळे रिंगणात उतरलाच नाही. १९७६ मध्ये माँट्रियलला दुसरे सुवर्ण आणि १९८० मध्ये मॉस्कोला तिसरे. त्यापूर्वी मुष्टियुद्धात तीन ऑलिंपिक सुवर्णे मिळवणारा एकटा हंगेरीचा लास्लो पॅप होता. परंतु एकाच वजनी गटात ओळीने तीन सुवर्णे मिळवणारा स्टीव्हन्सन पहिलाच. याखेरीज १९७४, १९७८ आणि १९८६ अशी तीन जागतिक विजेतेपदे. उंचापुरा, ताठ उभा राहून लढणारा हा योद्धा डाव्या हाताने प्रतिस्पर्ध्याला अंतरावर रोखून धरी आणि उजव्या हाताच्या एका सरळ ठोशाने सामना संपवी.

हौशी आणि व्यावसायिक मुष्टियुद्ध यांना एकच खेळ समजणे ही या वादातली पहिली चूक होय. त्या काळी ऑलिंपिकमधील लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असे, म्हणजे प्रत्यक्ष झुंज नऊ मिनिटांची. व्यावसायिक जगज्जेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांची. शंभर मीटर आणि दहा हजार मीटर या दोन्ही शर्यती धावण्याच्याच असतात. म्हणून त्यांच्या विजेत्यांची आपण तुलना करत नाही. अलीची सारी महत्ता त्या पंचेचाळीस मिनिटांत उलगडणारी होती. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये किन्शासा येथे त्याने सात फेऱ्या दोरांना टेकून फोरमनचे घणाघाती ठोसे अंगावर घेतले, त्याला दमवले आणि आठव्या फेरीत लोळवले. १९७५ मध्ये मनिला येथे फ्रेझरबरोबर चौदा फेऱ्या झाल्यावर फ्रेझरच्या प्रशिक्षकानेच आपल्या योद्ध्याला पुढे उठू दिले नाही. तीन फेऱ्यांचा सामना असता तर किन्शासातला हा डाव फळाला येण्यास वेळच मिळाला नसता.

मग ही लढत नेमकी केव्हा व्हायची होती, हा दुसरा प्रश्न. १९७४ साली स्टीव्हन्सन बावीस वर्षांचा आणि अली बत्तीस वर्षांचा. त्या वर्षीच्या अलीसमोर पंधरा फेऱ्यांत कोवळ्या स्टीव्हन्सनचा निभाव लागला असता असे आम्हाला वाटत नाही. तो एका उजव्या ठोशाची वाट पाहत उभा राहणारा लढवय्या होता आणि समोरचा थांबला नाही तर त्याची गणिते चुकत. सोव्हिएत संघाच्या इगोर वायसोत्स्कीने त्याला दोनदा हरवले ते अंगावर धावून जाऊन, त्याला अंतरच मिळू न देऊन. अली वेगळ्या मार्गाने तेच करू शकला असता. शिवाय फोरमनचा आणि पुढे १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सचा उजवा हात ज्या जबड्याने पचवला, तो स्टीव्हन्सनच्या एका ठोशाने कोसळला असता असे मानण्यास आधार नाही.

१९७८ साल घेतले तर चित्र पालटते. अली छत्तीस वर्षांचा झाला होता, पाय जड झाले होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत लिऑन स्पिंक्सने त्याचे जगज्जेतेपद हिरावून घेतले. हा स्पिंक्स कोण? दीड वर्षापूर्वीच्या माँट्रियल ऑलिंपिकमधला, स्टीव्हन्सनपेक्षा खालच्या वजनी गटाचा सुवर्णपदक विजेता. आणि त्याच्या खात्यावर अवघ्या सात व्यावसायिक लढती जमा होत्या. माँट्रियललाच उपान्त्य सामन्यात अमेरिकेच्या ज्या जॉन टेटला स्टीव्हन्सनने पहिल्या फेरीत आडवा केला, तो टेट १९७९ मध्ये एका जागतिक संघटनेचा हेवीवेट जगज्जेता झाला. म्हणजे हौशी मुष्टियुद्ध म्हणजे पोरखेळ, असे नाक वर करून सांगणाऱ्या अमेरिकन पंडितांना त्यांच्याच खेळाडूंनी उत्तर देऊन ठेवलेले आहे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. म्युनिकला स्टीव्हन्सनने ज्याला तिसऱ्या फेरीपर्यंत खेळवला, त्या बॉबिकला व्यावसायिक केन नॉर्टनने १९७७ मध्ये एका मिनिटाच्या आत संपवला. आणि स्पिंक्सकडून हरलेल्या अलीने त्याच वर्षी सप्टेंबरात आपले पद परत मिळवले. तेव्हा आमचा कौल असा : १९७४ मध्ये अली निःसंशय, १९७६ मध्ये, माँट्रियलनंतर, पंधरा फेऱ्यांत अली पण रक्तबंबाळ होऊन, १९७८ च्या प्रारंभी स्टीव्हन्सन. आणि कोणत्याही वर्षी लढत तीन फेऱ्यांची असती तर स्टीव्हन्सन. ज्यांना हा कौल मान्य नसेल त्यांनी आपली जोड आपल्या तालमीत लावावी.

रिंगणातला हिशेब येथे संपतो. खरी लढत रिंगणाबाहेर होती आणि पन्नास वर्षांच्या वादात तिच्याकडेच दुर्लक्ष झाले.

माँट्रियलनंतर अमेरिकन आयोजकांनी स्टीव्हन्सनपुढे अलीशी लढण्यासाठी पन्नास लाख डॉलरचा प्रस्ताव ठेवल्याचे सांगितले जाते. त्याआधीपासून दहा-वीस लाखांच्या गोष्टी चालू होत्याच. क्यूबात व्यावसायिक खेळांवर १९६० च्या दशकाच्या आरंभीच बंदी आली होती; व्यावसायिक होणे म्हणजे देश सोडणे. स्टीव्हन्सनने नकार दिला. ऐंशी लाख देशबांधवांच्या प्रेमापुढे दहा लाख डॉलरचे मोल ते काय, अशा आशयाचे त्याचे उत्तर जगभर गाजले. अमेरिकेतल्या एका प्रख्यात क्रीडा साप्ताहिकाला त्यात वेडेपणा दिसला. श्रीमंत होण्यापेक्षा लाल राहणेच याला बरे वाटते, अशा अर्थाचा मथळा त्याने दिला. पैशाला नाही म्हणणारा माणूस बाजारपेठेच्या आकलनाबाहेरचा असतो, हेच त्यातून दिसून आले.

आपल्याकडच्या डाव्या मंडळींनी या नकाराचे पोवाडे गायले नसते तरच नवल. क्यूबा हे त्यांचे तीर्थक्षेत्र आणि कॅस्ट्रो हा त्यांचा महंत. परंतु त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर कधी दिले नाही. जेथे होकार देण्याची मुभाच नाही, तेथे नकाराला त्याग म्हणावे काय? पिंजऱ्यातला पक्षी उडाला नाही म्हणून त्याच्या पिंजऱ्यावरील निष्ठेचे कौतुक करायचे काय? वर उल्लेखिलेल्या लास्लो पॅपचे उदाहरण बोलके आहे. तीन ऑलिंपिक सुवर्णे मिळवून झाल्यावर हंगेरीच्या साम्यवादी राजवटीने त्याला व्यावसायिक लढती खेळू दिल्या. तो युरोपचा विजेता झाला, एकही लढत हरला नाही आणि जागतिक विजेतेपदाची लढत दृष्टिपथात येताच सरकारने परवानगी काढून घेतली. 'पैशासाठी लढणे समाजवादी नीतीत बसत नाही' हा साक्षात्कार एवढ्या उशिरा का व्हावा, हे कोणी विचारायचे नव्हते. क्यूबातही वेगळे घडत नव्हते. ज्या राजवटीसाठी स्टीव्हन्सनने लाखो डॉलर नाकारले, तिने सोव्हिएत गटाची री ओढून १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला आणि त्याची चौथ्या सुवर्णाची संधी मातीत घातली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकलाही क्यूबा गेला नाही. खेळाडूचे आयुष्य म्हणजे राज्यसंस्थेच्या बुद्धिबळातले प्यादे. पक्षाला वाटेल तेव्हा ते पुढे सरकवावे आणि वाटेल तेव्हा बळी द्यावे.

तरीही, आणि हे आम्ही जाणीवपूर्वक लिहीत आहोत, स्टीव्हन्सनला त्या राजवटीचा बंदिवान ठरवून मोकळे होता येत नाही. तो देशोदेशी हिंडत होता. १९८६ ची जागतिक स्पर्धा कोठे झाली? अमेरिकेत, नेवाडा राज्यातल्या रीनो शहरात. ज्या राज्यात लास व्हेगास आहे, जेथे व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या कोट्यवधींच्या उलाढाली होतात, तेथे चौतिसाव्या वर्षी त्याने जगज्जेतेपद मिळवले. राहत्या हॉटेलातून बाहेर पडून आश्रय मागण्याचा अवकाश होता. पुढे १९९६ मध्ये होएल कासामायोरने तेच केले, नंतर गिजेर्मो रिगोंदो आणि आणखी कितीतरी जण त्याच वाटेने गेले. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु दार उघडे असताना जो परत घरी गेला, त्याच्या परतण्याला काही अर्थ आहे. तो साम्यवादाकडे परतला की आपल्या माणसांकडे, आपल्या भाषेकडे, आपल्या मातीकडे, हा भेद कॅस्ट्रोच्या भाटांना कळला नाही आणि अमेरिकन आयोजकांनाही कळला नाही. पक्ष म्हणजे राष्ट्र नव्हे. एखादी राजवट वाईट असूनही माणूस आपल्या समाजाशी एकनिष्ठ राहू शकतो. आपल्या देशात परकीय सत्तेच्या आणि आणीबाणीच्या काळात हे लाखोंनी दाखवून दिलेले आहे.

आता दुसऱ्या बाजूचा योद्धा पाहू. पैशाच्या बाजारात अली मुरलेला होता, हे खरे. किन्शासाच्या लढतीसाठी झैरचा हुकूमशहा मोबुतू याने दोघा योद्ध्यांना प्रत्येकी पन्नास लाख डॉलर दिले. ज्या देशातल्या गोरगरिबांना दोन वेळचे अन्न मिळण्याची भ्रांत, त्याच्या तिजोरीतून! अलीने ते घेतले. परंतु याच अलीने १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला होता. देशाची हाक आली असता मागे सरणे हे आमच्यासारख्यांच्या मनाला रुचणारे नाही. त्या वेळी तो ज्या नेशन ऑफ इस्लाम या पंथात होता, त्याची वर्णद्वेषाला उलट्या वर्णद्वेषाने उत्तर देणारी शिकवणही पटणारी नव्हती. पुढे अलीनेही ती बाजूला सारली. परंतु एक गोष्ट मान्य करावी लागते. तो परदेशी पळाला नाही. पद गेले, परवाना गेला, पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. अपिलावर बाहेर राहून तो खटला लढत राहिला आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पंचविशीतली उमेदीची साडेतीन वर्षे त्याने भूमिकेपायी घालवली. त्या नकाराची किंमत डॉलरमध्ये मोजली तर स्टीव्हन्सनने नाकारलेल्या रकमेपेक्षा फार कमी भरेल असे वाटत नाही.

म्हणजे एकाने आपल्या लोकांसाठी पैसा नाकारला आणि दुसऱ्याने आपल्या भूमिकेसाठी राजाज्ञा नाकारली. फरक आहे तो त्यांच्या समाजव्यवस्थांत. अमेरिकेत सरकारविरुद्ध उभे राहून शेवटी न्याय मिळवता आला. परंतु तीच अमेरिका बाजारापासून अलीचे रक्षण करू शकली नाही. थकलेल्या, बोलणे अडखळू लागलेल्या अलीला १९८० मध्ये लॅरी होम्सपुढे उभे केले गेले आणि १९८१ मध्ये बर्बिकपुढे. तिकिटे विकली जात होती ना! १९८४ मध्ये त्याला कंपवाताचे निदान झाले. स्टीव्हन्सनच्या डोक्याला तेवढा मार कधी बसला नाही, कारण त्याला तेवढ्या लढती विकता आल्या नाहीत. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतल्या व्याख्यानांत भांडवलशाही आणि साम्यवाद या दोहोंची मर्यादा दाखवताना माणसाचा विचार एकांगी करू नये असे सांगितले होते. या दोन योद्ध्यांची चरित्रे शेजारी ठेवली की त्या म्हणण्याचा प्रत्यय येतो. एका ठिकाणी माणूस विकाऊ माल, दुसऱ्या ठिकाणी सरकारी मालमत्ता.

काळाचा विनोद असा, की २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकचे दरवाजे व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांना उघडले गेले आणि २०२२ मध्ये खुद्द क्यूबाने आपल्या मुष्टियोद्ध्यांना व्यावसायिक लढती खेळण्यास परवानगी दिली. स्टीव्हन्सनला जाऊन तेव्हा दहा वर्षे होत आली होती. पंथाचे तत्त्व गेले, फक्त त्याची किंमत मोजणारा गेलेला होता.

या साऱ्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. भारतीय मुष्टियुद्धाच्या उभारणीत एका क्यूबन प्रशिक्षकाचा, ब्लास इग्लेसियास फर्नांडिस यांचा, मोठा वाटा आहे. २०१२ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार देऊन आपण तो मान्यही केला. २००८ मध्ये बीजिंगला विजेंदर सिंगने देशाला मुष्टियुद्धातले पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले, तेव्हा उपान्त्य सामन्यात त्याला हरवणारा क्यूबाचाच होता. हाच विजेंदर २०१५ मध्ये व्यावसायिक झाला तेव्हा पैशामागे गेला म्हणून अनेकांनी नाके मुरडली. नाके मुरडणाऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. जे राहिले, ज्यांनी आयुष्यभर देशाच्याच नावाने हातमोजे चढवले, त्यांचे आपण काय केले?

अलीसमोर स्टीव्हन्सन उभा राहू शकला नाही. पण एक हौशी हेवीवेट योद्धा अलीसमोर उभा राहिला होता आणि तो भारतीय होता. पंजाबच्या संगरूर जिल्ह्यातल्या खेड्यातून सैन्यात गेलेले कौरसिंग १९८० मध्ये दिल्लीत अलीबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत खेळले. दोनच वर्षांनी दिल्लीच्याच एशियाडमध्ये त्यांनी हेवीवेट गटाचे सुवर्णपदक मिळवले. अर्जुन पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली, टाळ्या मिळाल्या. कौरसिंगांपुढे कोणी लाखो डॉलर ठेवले नव्हते, त्यामुळे त्यांना नकार देण्याचीही वेळ आली नाही. ते सैन्यातून निवृत्त होऊन गावी शेतीला लागले. २०१७ मध्ये बातमी आली ती त्यांच्या हृदयविकाराची. उपचारांसाठी या सुवर्णपदक विजेत्याला खासगी सावकाराकडून कर्ज काढावे लागले होते. बातमी छापून आल्यावर सेना धावली, केंद्रीय क्रीडा मंत्रालयानेही मदत दिली. बातमी छापून येईपर्यंत पस्तीस वर्षे कोणाला आठवण झाली नव्हती.

क्यूबाने स्टीव्हन्सनला पन्नास लाख डॉलर मिळू दिले नाहीत. पण राहायला घर दिले, मोटार दिली आणि त्याचे नाव तिथल्या प्रत्येक पोराच्या तोंडी ठेवले. कौरसिंग २०२३ च्या एप्रिलमध्ये गेले. अलीशी लढलेला हा भारतीय सैनिक आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होता?